खाडीकडची रेघ

ताटं एकोणीस मांडली होती आणि माणसं अठराच यायची होती. हे आधी लक्षात कोणाच्या येणार, तर गुद्रुन आत्याच्या. वयाची चौऱ्याऐंशी उलटली तरी तिची मोजायची खोड गेली नव्हती. लहानपणी बापानं तिला मासळीच्या पेट्या मोजायला धक्क्यावर बसवलं होतं, तेव्हापासूनची ती खोड.

"विबेके, एक ताट जास्त आहे."

"असू दे."

"असू दे काय? कोण यायचंय?"

विबेके केकवर कागदी झेंडे खोचत होती. तिच्या डाव्या मनगटाला पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. "आत्या, तुझं बाबांवरचं गाणं छापून आलं का गं?" तिनं विचारलं.

"आलं. सात कडवी आहेत. विषय बदलू नकोस."

क्लबघराच्या मोठ्या खिडकीतून मैदान दिसत होतं आणि मैदानापलीकडे खाडी. बाहेरच्या खांबावर सकाळपासून झेंडा चढवलेला होता. विबेकेचे बाबा, आस्गर, आज ऐंशी वर्षांचे झाले होते. आणि उद्या, रविवारी, हालसुंड फुटबॉल क्लबचा स्वतःच्या नावानं खेळायचा शेवटचा सामना होता. सोमवारपासून हालसुंड आणि ग्रोनवाड हे दोन क्लब एक होणार, सगळे सामने तिकडे बावीस किलोमीटरवर ग्रोनवाडला होणार, आणि इथे खाडीकडे तोंड करून घरं उभी राहणार. मार्चच्या सभेत सभासदांनी हात वर करून ठरवलं, सात मतांच्या फरकानं. आस्गरनं ना बाजूनं हात वर केला, ना विरुद्ध. टोपी घातली आणि तो घरी गेला.

"एस्किलला बोलावलंयस ना?" आत्यानं आवाज खाली आणून विचारलं.

विबेकेनं होकारार्थी मान हलवली.

"देवा! अगं, बाप जेवण टाकून उठेल."

"उठू दे. निदान काहीतरी करतील."

एस्किल म्हणजे विबेकेचा थोरला भाऊ. हालसुंड एकदाच, एका वर्षासाठी, देशाच्या पहिल्या श्रेणीत खेळलं, त्या संघातला सगळ्यात कोवळा खेळाडू. पुढे तो ग्रोनवाडला गेला आणि ऑक्टोबरात याच मैदानावरच्या एका सामन्यात, शेवटची तीन मिनिटं उरली असताना, त्यानं आपल्याच गावावर गोल केला. बरोबरी झाली असती तरी हालसुंड पुन्हा वर गेलं असतं. गेलं नाही, ते आजतागायत. त्या दिवसापासून चौतीस वर्षं बाबा त्याच्याशी चकार शब्द बोलले नव्हते. आईच्या अंत्यविधीला तो चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला आणि कॉफीच्या आधीच निघून गेला. आता तोच नव्या जोडक्लबाचा संचालक झाला होता.

विबेकेला एकच हवं होतं. हे मैदान जाण्याआधी बाबांनी एस्किलशी एक शब्द बोलावा. कुठलाही. शिवी घातली तरी चालेल. ती त्रेपन्न वर्षांची होती, तिला स्वतःचा संसार होता, तरी दर नाताळात ताटं मांडताना तिचा हात एस्किलच्या ताटाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

बारा वाजता आस्गर आला. अंगावर काळा कोट, पायांत मात्र मैदानावरचे रबरी बूट. तो टेबलाकडे न बघता खिडकीशी गेला आणि गवत बघत उभा राहिला.

"तीन वाजता रेघ," तो म्हणाला.

"आजोबा, आज वाढदिवस आहे तुमचा," सिग्ने म्हणाली. ही विबेकेची मुलगी, चोवीस वर्षांची. जोडक्लबात बायकांच्या संघाला पगार मिळणार होता, म्हणून मार्चमध्ये तिनं खणखणीत हात वर केला होता. आजोबा तेव्हापासून तिच्याशी जरा जपून बोलत.

"सामना माझा वाढदिवस बघून येतो का?" आस्गर वळला आणि त्याला पट्टी दिसली. "हाताला काय झालं?"

"मुरगळला," विबेके म्हणाली. "काल कपबशा काढताना."

"मग दोर कोण धरणार?"

"बघू की. माणसं काय कमी आहेत?"

मैदानाच्या बाकी रेघा आठ वर्षं झाली पगारी माणूस मशीननं आखत होता. खाडीकडची लांब रेघ तेवढी आस्गर कोणाला हात लावू देत नसे. ती दोरानंच आखायची. दोर त्याच्या बापाचा, मॅड्सचा. मचव्यावरचा, डांबर लावलेला, गाठी मारलेला. मॅड्सनं शंभर वर्षांपूर्वी हे मैदान आखलं ते त्याच दोरानं. एकानं दक्षिणेच्या खुंटीला दोर बांधायचा, दुसऱ्यानं टोक घेऊन उत्तरेच्या खुंटीपाशी ताणून उभं राहायचं, आणि मग फक्कीची गाडी दोराच्या कडेनं ढकलत न्यायची. गाडी पायाशी येईपर्यंत दोर धरणाऱ्यानं हलायचं नाही. त्यामुळे या घरातल्या पोरांच्या बुटांची टोकं कायम पांढरी. आई दाराच्या पायरीवरच बूट काढायला लावायची आणि आपटून आपटून झटकायची. आधी दोर एस्किल धरायचा. तो गेल्यावर विबेके धरू लागली.

मुरवलेली हेरिंग मासळी झाली, काळा पाव झाला, श्नाप्सच्या कडक दारूचे दोन घोट झाले आणि आत्या कागद घेऊन उभी राहिली. सगळे उभे राहिले. गाणं आत्याचं, म्हणजे यमकं ओढूनताणून आणि टोमणे मात्र नेमके. आस्गर कसा बोलतो कमी आणि बघतो जास्त, बायकोला मागणी घालायला गेला आणि गवत किती वाढलंय तेच कसं सांगून आला, यावर पहिली तीन कडवी होती. लोक हसत होते, आस्गरही मिशीत हसत होता. चौथ्या कडव्याला दाराकडून एक जादाचा आवाज मिसळला. खर्जातला. आईच्या माहेरच्यांचा आवाज होता तो, तसा आवाज या खोलीत दुसऱ्या कोणाचाच नव्हता.

गाणं अडखळलं. आत्यानंच ते रेटून नेलं. सातवं कडवं संपेपर्यंत एस्किल दारातच उभा राहून, जुन्या चालीवर, शेजारच्याच्या कागदात बघून गात राहिला. मग तो येऊन एकोणिसाव्या ताटावर बसला. केस पूर्ण पांढरे, अंगावर शहरी कोट, पायांत तपकिरी चामड्याचे नवेकोरे बूट.

"अभिनंदन, बाबा," तो म्हणाला.

आस्गरनं पावावर लोणी लावलं. कोपऱ्यापर्यंत, अगदी नीट लावलं.

अशा वेळी जे करू नये ते करायला प्रेबेन नेहमी तयार. प्रेबेन म्हणजे गुद्रुन आत्याचा मुलगा, क्लबचा अध्यक्ष, मनानं सोन्यासारखा आणि जिभेनं वाऱ्यावर सोडलेला. शांतता त्याला सोसत नसे. त्यानं पेल्यावर चमचा वाजवला.

"मामा, क्लबतर्फे तुम्हाला भेट! ऐंशी वर्षं झाली, आता वाकायचं नाही. उद्या सकाळी सात वाजता कंपनीची माणसं येताहेत. लेझरचं मशीन! अख्खं मैदान आखून देणार, खाडीकडच्या रेघेसकट. चारही कोपरे काटकोनात. दोन सेंटिमीटर इकडचं तिकडं होणार नाही! टीव्हीवाले वरून ड्रोननं दाखवणार आहेत."

टाळ्या पडल्या. विबेके बाबांकडे बघत होती. त्यांचा चेहरा फक्कीसारखा पांढरा पडला. सुरी हातातच राहिली.

"नको," आस्गर म्हणाला.

"अहो मामा, पैसे क्लब देतोय!"

"त्या रेघेला कोणी हात लावायचा नाही."

"पण शेवटचा सामना आहे, जरा सरळ सुबक दिसू दे की."

आस्गर खुर्चीतून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. तो हट्टी आहे हे विबेकेला जन्मापासून ठाऊक होतं. पण हा हट्ट नव्हता. तो घाबरला होता. आपला बाप घाबरलेला तिनं कधी पाहिला नव्हता, आणि कशाला घाबरला ते तिला कळेना.

"मशीन येणार नाही," एस्किल म्हणाला.

सगळ्या माना वळल्या.

"त्या बाजूची जमीन मऊ आहे. मशीन रुतेल."

"रुतेल?" प्रेबेन हसला. "अरे, तिथून ट्रॅक्टर जातो आमचा!"

"रुतेल, प्रेबेन. कंपनीला मी आत्ता फोन करतो. खाडीकडची रेघ आहे तशीच राहील."

"हे बरं आहे! सोमवारपासून मालक होणार, तर शनिवारीच मालकी दाखवायची? ग्रोनवाडची हीच तर तऱ्हा!"

"एस्किल मामानं काही ठरवलं असेल तर त्याला कारण असेल," सिग्ने मध्येच म्हणाली. ती एस्किल मामाला आयुष्यात चारदाच भेटली होती. प्रेबेननं तिच्याकडे घरभेद्याकडे बघावं तसं बघितलं.

पण विबेकेचं लक्ष तिकडे नव्हतं. आस्गरनं मान वर केली होती आणि तो मुलाकडे बघत होता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत. एक क्षणभरच. मग तो उठला, कोपऱ्यातली पेटी उघडून त्यानं दोर खांद्यावर घेतला आणि बाहेर पडला. तीन वाजायला वीस मिनिटं होती.

विबेके एस्किलच्या मागे जाऊन उभी राहिली.

"माझा हात मुरगळलाय."

"डावा ना? मघाशी केक दोन्ही हातांनी उचलून आणलास."

"जा ना रे."

"विबेके, ते मला हाकलून देतील."

"मग हाकलू देत! 'चालता हो' म्हणायला तरी तोंड उघडावं लागेल ना?"

एस्किलला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्यानं कोट काढून खुर्चीला अडकवला आणि तो बाहेर गेला.

विबेके आणि आत्या खिडकीशी उभ्या राहिल्या. मैदानावर आस्गरनं मुलाला येताना पाहिलं आणि पाठ फिरवली. दोराचं टोक त्यानं हातात दिलं नाही, गवतावर टाकलं. एस्किलनं वाकून ते उचललं आणि तो उत्तरेकडे चालू लागला. मागे दोर सुटत गेला.

"जमीन मऊ आहे म्हणे," आत्या पुटपुटली. "बापासारखाच. खोटं बोलायचं तर एकाच वाक्यात."

"म्हणजे?"

आत्यानं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "तुला ठाऊक नाही? अगं, चौतीस वर्षं तू ती वाकडी रेघ धरतेयस आणि तुला ठाऊक नाही?"

"वाकडी?"

"उत्तरेचं टोक दीड पावलानं अरुंद आहे. सुरुवातीपासून. मैदान आखलं त्या दिवशी सकाळी पाऊस होता. माझ्या बापानं भिजल्या दोरानं उत्तरेची रुंदी मोजली, खुंट्या ठोकल्या आणि जेवायला घरी आला. दोर कुंपणावर टाकला. जेवून उठेपर्यंत कडकडीत ऊन. मग वाळल्या दोरानं दक्षिणेची मोजली. ओला दोर आखडतो, हे आमच्याकडे रांगत्या पोराला कळतं."

"मग दुरुस्त का नाही केलं?"

"अख्ख्या धक्क्यानं हसावं म्हणून? मचव्यावर वाढलेला माणूस, आणि दोर ओला आहे हे विसरला! मेला, पण बोलला नाही. तुझ्या बापाला तेवढं सांगून गेला, की ती रेघ दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस. पुरुषांना वाटतं गुपित त्यांच्यापाशीच आहे. मला माझ्या आईनं सांगितलं, तेही बटाटे सोलताना."

"आणि एस्किल?"

"पहिल्या श्रेणीत चढलो तेव्हा संघटनेचा माणूस टेप घेऊन मोजायला आला. पहिला बर्फ पडला होता, रेघ दिसत नव्हती. टेपचं टोक एस्किलनं धरलं. दीड पाऊल बाहेर, म्हणजे रुंदी बरोबर भरली. अठरा वर्षांचा होता. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. बापाचा चेहरा बघितला आणि सरकला."

विबेकेला राग आला आणि रडूही आलं. इतकी वर्षं थंडीवाऱ्यात ती तो दोर धरून उभी राहिली, आणि तिलाच कोणी सांगितलं नव्हतं. मग एकदम तिला तो ऑक्टोबर आठवला. उत्तरेचं टोक. खाडीकडची रेघ. एस्किल रेघेवरून वळला होता आणि इतक्या कडेवरून कोणी मारत नाही तिथून त्यानं सरळ गोलात मारला होता.

"गोल दीड पावलानं जवळ होता," ती म्हणाली.

"होता. तुझ्या बापाला वाटतं पोरानं घरचं गुपित ग्रोनवाडला विकलं."

"आणि विकलं होतं?"

"विकलं असतं तर ग्रोनवाडवाले गप्प बसले असते? पहिल्याच आठवड्यात तक्रार ठोकली असती. चौतीस वर्षांत एक अक्षर बाहेर आलं नाही." आत्यानं खिडकीच्या काचेवरचा डाग रुमालाच्या टोकानं पुसला. "पाय ज्या मैदानावर शिकले तिथं आपोआप वळले असतील, दुसरं काय? हे मी आस्गरला सांगणार होते. दर वर्षी सांगणार होते. पण मग मला ठाऊक आहे हेही सांगावं लागलं असतं."

विबेके धावतच बाहेर पडली.

ती उत्तरेच्या कोपऱ्यात पोचली तेव्हा एस्किल गुडघ्यांवर बसून गवतात हात फिरवत होता. लोखंडी खुंटी मातीत बुडाली होती. त्यानं डोळे मिटले, थोडा उजवीकडे सरकला आणि बोटं खुपसली. खुंटी तिथंच होती.

"मला वाटलं विसरलो असेन," तो म्हणाला.

"आत्यानं सांगितलं मला. आत्ता."

त्यानं बोटांची माती पँटला पुसली. "मी ठरवून नव्हतं मारलं, विबेके. चेंडू गेल्यावर मला कळलं मी कुठे उभा आहे ते."

"मला काय सांगतोस? त्यांना सांग."

"पत्रं लिहिली. सहा. न उघडता परत आली."

दोर ताणला गेला. शंभर पावलांवर आस्गर फक्कीच्या गाडीमागे उभा होता. एवढ्यात प्रेबेन सिग्नेला घेऊन कडेच्या बाकापाशी आला आणि एक डोळा मिटून दोराकडे बघू लागला.

"अरे एस्किल! वाकडं जातंय! दोर आत येतोय तुझ्याकडे! उद्या वरून दाखवणारेत, अख्खा देश बघेल! दीड पाऊल बाहेर घे!"

डोळा त्याचा चांगला होता, हे मानावं लागेल.

एस्किल उठून उभा राहिला. दोराचं टोक त्याच्या हातात होतं. दीड पाऊल बाहेर सरकायचं म्हणजे शंभर वर्षांची चूक एका क्षणात निघाली असती. मैदान सरळ झालं असतं, शेवटच्या दिवशी का होईना. कोणाला काही कळलं नसतं, आस्गरच्या बापाचं नावही झाकलेलं राहिलं असतं. आणि आत राहायचं, तर उद्या कोणीतरी विचारणारच. त्यानं लांबवर बापाकडे पाहिलं. दोर त्यानं जरा वर उचलला, जणू विचारतोय, कुठे धरू? बर्फाच्या दिवशी त्यानं विचारलं नव्हतं. आज तो विचारत होता.

 हाकलायचं असेल तर आत्ताच, विबेकेला वाटलं.

आस्गरनं गाडीचा दांडा सोडला. दोन्ही हातांचा भोंगा करून तोंडाशी नेला.

"तिथंच!" त्याचा आवाज खाडीच्या वाऱ्यावर चिरकत आला. "तिथंच उभा राहा, एस्किल!"

"पण मामा..." प्रेबेन म्हणाला.

"तू गप रे!" आस्गर आणि सिग्ने एकदमच म्हणाले.

गाडी हलली. आस्गर हळूहळू येत होता, वीसेक पावलांवर दम घ्यायला थांबत होता, आणि त्याच्या मागे पांढरी रेघ उमटत होती. किती वेळ लागला कोण जाणे. एस्किलनं पाय हलवले नाहीत.  विबेकेनं मनगटाची पट्टी सोडली, तिची गुंडाळी केली आणि खिशात टाकली. तिला आई हवी होती. बाकी काही नको, फक्त आई इथे या कोपऱ्यात पाच मिनिटं उभी असायला हवी होती.

फक्कीची गाडी एस्किलच्या बुटांना येऊन टेकली. पांढरी भुकटी तपकिरी चामड्यावर सांडली. आस्गर धापा टाकत खाली बघत राहिला.

"नवे आहेत?" त्यानं विचारलं.

"होते."

आस्गरनं मान डोलावली. मग तो खाडीकडे वळला.

"आई असती," तो म्हणाला, "तर पायरीवरच काढायला लावले असते."